ढगू, गोटू आणि माझी घाई



गेल्या रविवारी मंदिरातून निघताना पायऱ्यांवर एका ओळखीच्या बाईंनी मला थांबवलं. आमच्या घरी दोन 'परदेशी उंदीर' आहेत हे त्यांच्या कानावर गेलं होतं. हसत हसतच म्हणाल्या, "काकू, तुम्ही रोज स्वाध्यायाला बसता आणि घरात पिंजरा?"

त्यांनी सहज विचारलं, पण मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात. मग वाटलं, हे सगळं एकदा लिहूनच काढावं. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

पहिला आला तो ढगू. सूनबाईच्या ऑफिसमधल्या एका मुलीची बदली झाली आणि तिला तो नेता येईना. नात म्हणाली, "आजी, नाही घेतला तर त्याला कुणीतरी कुणाकडे तरी देऊन टाकतील." मी आधी नाहीच म्हटलं होतं. पण एका संध्याकाळी तो खोक्यातून आमच्या खारघरच्या घरी आला. पावसाळी ढगाच्या रंगाचा, मोठे कान, झुपकेदार शेपूट, मुठीत मावेल असं वाटणारा पण प्रत्यक्षात अर्धा किलोचा. त्याला चिंचिला म्हणतात. उंदीर नव्हे, पण त्यांच्याच कृंतक कुळातला, म्हणजे कुरतडणाऱ्यांपैकी.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथे कोरडी, थंड हवा आणि खडकांच्या फटी. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एखाद-दुसरा केस येतो, याला एका छिद्रातून पन्नासच्या वर केस येतात. म्हणून तो इतका मऊ आहे आणि म्हणूनच त्याच्यावर संकट आलं. एका लांब कोटासाठी शंभराच्या वर चिंचिला मारावे लागत. इतके मारले की १९१० साली चिले, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना या देशांना एकत्र येऊन करार करावा लागला. पुढे मॅथियस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण-अभियंत्यानं चिलेमध्ये मोठ्या कष्टानं अकरा चिंचिला पकडून घेतले आणि १९२३ साली ते कॅलिफोर्नियाला नेले. डोंगरावरून त्यांना एकदम खाली आणलं नाही. हवा सोसावी म्हणून थोडं थोडं खाली उतरवलं, आणि जहाजावर त्यांच्यासाठी बर्फ ठेवला. हेतू काय, तर फरचा धंदा. आज घरोघरी पाळलेले चिंचिला बहुतेक त्या अकरांचेच वंशज मानले जातात.

आपल्या देशानं २०१७ च्या जानेवारीत मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फर-कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली, हे मला ढगूमुळे कळलं. वाचून बरं वाटलं. आणि सोफ्यामागून डोकावणाऱ्या त्या जिवाकडे पाहून वाटलं, याच्या पूर्वजांनी कातडं वाचवत वाचवत इथवर मजल मारली, आता माझ्या घरात तरी त्याला सुख मिळावं.

सुख द्यायचं म्हणजे काय, ते मात्र शिकावं लागलं. त्याला पाण्यानं आंघोळ घालायची नसते. इतक्या दाट केसांत पाणी शिरलं तर लवकर वाळत नाही आणि कातडीला बुरशी धरते. तो बारीक धुळीत लोळून अंग साफ करतो. ही धूळ वेगळी मिळते. शेजारच्या वहिनींनी रांगोळी सुचवली होती, पण ती चालत नाही, बांधकामाची वाळू नाही, पावडरही नाही. खायला वाळलेलं टिमोथी गवत, कारण त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात. सुका मेवा देऊ नये. गाजराचा प्रश्न आमच्याकडे नव्हता, ते कंदमूळ घरात येतच नाही! एकच गोष्ट मला सुरुवातीला खटकायची. आमच्या घरात सूर्यास्तानंतर ताट मांडलं जात नाही, आणि हा रात्री दहा वाजता ताजातवाना होऊन गवत कुरकुर खात बसायचा. हे म्हणाले, "त्याला नियम दे." मी म्हटलं, तिर्यंच गतीतल्या जिवाला माझा नियम कसा लावू? माझा मला पाळता आला तरी पुष्कळ.

सगळ्यात मोठी अडचण उकाड्याची. पंचवीस अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. कान लाल होतात, तो आडवा पडतो, धापा टाकतो. आणि आपण राहतो नवी मुंबईत! १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्याच मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं उष्माघातानं गेली, ते आपण विसरलेलो नाही. माणसाची ती गत, तर अंगावर कायमची रजई घेऊन जन्मलेल्या जिवाची काय होईल? म्हणून त्याची खोली मार्चपासून बंद, एसी बावीस-तेवीसवर, पिंजऱ्यात बसायला ग्रॅनाइटचा थंड तुकडा, आणि वीज गेली तर फ्रीजरमधली बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवायची. मी बी.कॉम. झाले, घरचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिते. उन्हाळ्यात महिन्याला साधारण अडीच ते तीन हजारांचं बिल वाढतं. तो आकडा मी त्याच्या नावावर वेगळा लिहिते, लपवत नाही.

तर असं वर्ष गेलं. मग नातीनं कुठेतरी वाचलं की रानात हे प्राणी मोठ्या समूहात राहतात, शंभर शंभरसुद्धा. तिचं सुरू झालं, "आजी, ढगू एकटा आहे." रात्री तो गजांजवळ बसून बाहेर बघायचा तेव्हा माझ्याही मनात यायचं, की बाई, तू कुणाशी बोलतेस, याने कुणाशी बोलावं?

विकत आणायचं नाही हे माझं पक्कं होतं. विकत घेतला की त्याच्या जागी आणखी एक जन्माला घातला जातो. पण वाशीचं एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांच्याकडे एक वर्षाचा चिंचिला होता. महावीर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. फिकट रंगाचा, गोल, म्हणून गोटू. दुकानदारानं त्या कुटुंबाला तो मादी म्हणून विकला होता. आमच्या डॉक्टरांनी उलटा करून पाहिलं आणि म्हणाले, "काकू, हा नर आहे." देव पावला म्हणायचं. नर-मादी एकत्र ठेवले असते तर एकशे अकरा दिवसांनी पिल्लं, आणि मादी बाळंत होताच पुन्हा गाभण राहू शकते. त्या सगळ्यांना कुणाच्या दारात ठेवायचं? तुम्ही कुणी असे दोन जीव सांभाळणार असाल तर घरी आणण्याआधी जाणत्या डॉक्टरांकडून नर-मादीची खात्री करून घ्या. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे केंद्र सरकारचे २०२४ चे नियमही आहेत, त्याची चौकशीही करा. आमच्याकडे ते काम सूनबाईनं केलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "पहिला महिनाभर दोघांच्या खोल्या वेगळ्या. आजार असेल तर कळेल. मग पिंजरे शेजारी शेजारी. मग धूळ एक करा. मग तिऱ्हाईत जागेत भेट. काकू, घाई करू नका. दोन मोठे नर आहेत."

मी मान डोलावली. आणि एकोणिसाव्या दिवशी घाई केली.

कारणं ऐका. अक्षय तृतीया होती. नात दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या सुट्टीसाठी सांगलीला आजोळी जाणार होती आणि तिला जाण्याआधी दोघांना एकत्र बघायचं होतं. दोन खोल्यांत दोन एसी चालत होते. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात आपल्या मंदिरातलं ते चित्र होतं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, सिंह आणि गाय एका भांड्यातून पाणी पिताहेत. मला वाटलं, दोन्ही बिचारे गवत खाणारे, एकाच जातीचे, यांच्यात कसलं वैर? मुहूर्त चांगला आहे, आजच जोडी लावू.

गोटूला उचललं आणि ढगूच्या पिंजऱ्यात सोडलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग ढगू भुंकला. हो, हे प्राणी भुंकतात, बारक्या कुत्र्यासारखे. गोटू कोपऱ्यात गेला. त्या पिंजऱ्यात लपायला एकच लाकडी खोकं होतं, त्याला एकच दार होतं, आणि ते ढगूचं होतं. मग जे सुरू झालं ते मी लिहू शकत नाही. केसांचे पुंजके हवेत उडत होते. नात किंचाळली. मी हात घातला तर मला चावा बसला, कुणाचा ते आजही माहीत नाही. सूनबाई स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊन धावली, तो दोघांच्या मध्ये उभा घातला तेव्हा ते सुटले. हे सगळं एका मिनिटाच्या आत. गोटूचा डावा कान फाटला होता आणि ग्रॅनाइटच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब होते.

माझ्या घरात. माझ्या हातानं. अक्षय तृतीयेच्या दिवशी.

डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं. मला रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, "कान भरून येईल, पण खाच राहील." ती आजही आहे.

रात्री आलोचना करायला बसले तर शब्द ओठांवर आणि मन त्या पिंजऱ्यात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, आपल्याला लहानपणापासून पाठ असतात: बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, जास्त भार घालणं, अन्नपाणी तोडणं. दरवेळी मी ते बैलांच्या, घोड्यांच्या संदर्भात ऐकत आले. आपल्याकडे कुठे बैल आहेत, म्हणून सुटका झाल्यासारखी. त्या रात्री पहिल्यांदा एकेक स्वतःला लावून पाहिला. बांधून ठेवलंय? हो. अवयव तुटला? हो, मी सुरी धरली नव्हती इतकंच. आणि हिंसेचं मूळ आपल्याकडे प्रमादात सांगितलंय. वाईट हेतू हवाच असं नाही, बेसावधपणा पुरे. मला तर डॉक्टरांनी सावध केलं होतं. त्यावर मी मुहूर्त ठेवला.

आणि मुहूर्त तरी कोणता? आदिनाथ भगवान वर्षाहून अधिक काळ आहाराविना राहिले. लोक हत्ती-घोडे, रत्नं पुढे करत होते, पण मुनींना काय आणि कसं द्यायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला विधी आठवला तेव्हा उसाचा रस स्वीकारला गेला. तो दिवस अक्षय तृतीयेचा. म्हणजे जो दिवस 'द्यायचं ते कसं द्यायचं हे आधी जाणून घ्या' असं सांगतो, त्याच दिवशी मी न जाणता दिलं. तो फरवाला चॅपमन मला आठवला. धंद्यासाठी त्यानं डोंगर उतरायला धीर धरला. मला दयेसाठी अकरा दिवस धरवले नाहीत.

गोटूचा कान भरेपर्यंत गोड सोडलं. हे म्हणाले, "आमरसाच्या दिवसांत?" म्हटलं, म्हणूनच.

त्या दिवसांत ते सिंह-गाईचं चित्र पुन्हा पुन्हा आठवलं. मग एक गोष्ट लक्षात आली, जी माहीत असूनही कधी दिसली नव्हती. समवसरणात वैर गळून पडतं ते भगवंतांच्या सान्निध्यात. माझ्या हॉलमध्ये ते सान्निध्य मी कुठून आणणार? आणि दुसरं म्हणजे समवसरणातसुद्धा बारा सभा आहेत. मुनींची वेगळी, आर्यिकांची वेगळी, देवांच्या वेगळ्या, मनुष्यांची वेगळी, तिर्यंचांची वेगळी. सगळे एकत्र आहेत, पण ज्याची त्याची जागा आधी ठरलेली आहे. दिल्लीला चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात आपल्या समाजाचं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. तिथे घार, ससाणा असे शिकारी पक्षी आले तर त्यांच्यावर उपचार होतात, पण कबुतरांच्या शेजारी त्यांना भरती करून घेत नाहीत. ती भेदभावाची गोष्ट नाही. दोघांनाही भीती न वाटता राहता यावं म्हणून आहे. मी जागा न देता जवळीक मागितली होती. तीही ज्याची होती त्याच्या घरात घुसून.

मेच्या मध्यावर आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तिथी पाहिली नाही. एक वही केली, जमा आणि नावे अशा दोन बाजू पाडून. गजाजवळ येऊन शांत बसला, जमा. दात कडकडवले, नावे. दुसऱ्याकडे तोंड करून झोपला, जमा. मागच्या पायांवर उभं राहून मुताची पिचकारी मारली, नावे. (एकदा ती माझ्या साडीवर आली, तीही नावेच लिहिली.) ठरवलं की सलग पंधरा दिवस जमेची बाजू जड राहिल्याशिवाय पुढची पायरी नाही.

काय काय केलं ते क्रमानं सांगते, कुणाला उपयोगी पडेल.

दोन्ही पिंजरे एका खोलीत आणले, पण मध्ये वीतभर अंतर ठेवून. चिकटून ठेवले तर गजांतून एकमेकांच्या पायाची बोटं चावतात. दर तीन-चार दिवसांनी वीतीतलं अंतर कमी नाही केलं, फक्त तोंड वळवलं, आधी पाठीला पाठ, मग बाजू, मग समोरासमोर. जूनमध्ये धुळीचं भांडं एक केलं. आधी एक लोळायचा, मग तीच धूळ दुसऱ्याला. गोटूनं पहिल्यांदा वास घेतला आणि भांडं उलटं केलं. आठवड्यानं त्याच धुळीत लोळला. मग बसायच्या लाकडी फळ्या बदलल्या, याची त्याच्याकडे. मग थोड्या वेळासाठी पिंजरेच बदलले. म्हणजे एकमेकांना न भेटता ते एकमेकांच्या घरी राहून आले. काही जण नाकाला सुगंधी काहीतरी लावून वास झाकायला सांगतात. मी ते केलं नाही. ज्याची ओळख करून द्यायची त्याचाच वास लपवून ओळख कशी व्हायची?

प्रत्यक्ष भेट जुलैत. तिऱ्हाईत जागा म्हणजे आमची पाहुण्यांची बाथरूम, चार दिवस कोरडी ठेवलेली, कमोडचं झाकण बंद, बादल्या बाहेर. बाहेर धो धो पाऊस, आत दोन पुठ्ठ्याची खोकी, प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे पाठलाग झाला तर एका दारातून शिरून दुसऱ्यातून निघता यावं. गवताचे ढीग दोन. मी पाटावर बसलेली, हातात केरभरणी. भांडण झालंच तर हात नव्हे, ती मध्ये घालायची. पहिली भेट पाच मिनिटं. एकाच्या पाठीवर दुसरा चढला, गोटूनं मान खाली घातली, थोडी पळापळ. हे चालतं. मोठं कोण ते ठरवत असतात. केस उडाले, कुणी ओरडलं किंवा पाठलाग थांबेचना, तर भेट बंद. आम्हाला जुलै-ऑगस्टमध्ये तीनदा बंद करावी लागली. एकदा तर सगळी पायरी उतरून पुन्हा पिंजऱ्यांच्या अंतरावर आले. नात आता रोज विचारत नव्हती. वही उघडून स्वतःच बेरीज करायची.

मध्ये डॉक्टर म्हणाले, "जमलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. काही जोड्या जमतच नाहीत. शेजारी राहतात, एकमेकांचा आवाज ऐकतात, तेवढंही पुष्कळ असतं." हे ऐकलं आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. खरं म्हणजे त्या दोघांच्याही उतरलं असावं. कारण तोपर्यंत भेटीच्या वेळी मी पाटावर ताठ बसून दोघांना 'व्हा मित्र, व्हा' असं मनातून ढकलत असे. त्या दिवसापासून मी जपमाळ घेऊन बसू लागले. लक्ष ठेवायचं, पण अपेक्षा ठेवायची नाही. हे दोन्ही एकत्र जमणं किती अवघड आहे ते करून पाहा.

दशलक्षणात उत्तम क्षमेचा दिवस आला, गेला. माझ्या मनात चोरटी आशा होती की आज काही घडेल. काही घडलं नाही. उलट दोघं दोन कोपऱ्यांत पाठ करून बसले. अनंतचतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली. आपण सगळ्यांनी एकमेकींची क्षमा मागितली. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, एका साध्या मंगळवारी रात्री, गोटू खोक्याबाहेर बसला होता. ढगू उड्या मारत आला, थांबला, आणि त्यानं गोटूचा कान साफ करायला सुरुवात केली. डावा कान. दातांनी हळूहळू, खाचेच्या कडेनं. गोटूनं डोळे मिटले होते.

मी नातीला हाक मारली नाही. हललेसुद्धा नाही. माळ कुठवर आली होती ते विसरले, पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू केली.

आता मी म्हणणार नाही की त्यानं क्षमा मागितली. प्राण्यांना आपल्या मनातलं चिकटवायची सवय चांगली नाही. चिंचिला ओळख पटल्यावर एकमेकांचं अंग साफ करतात, एवढंच खरं. पण क्षमा मागायची होती ती मला होती, आणि तो कान रोज माझ्यासमोर असतो.

पुढे एकच मोठा पिंजरा केला, साडेचार फूट उंच. दोन्ही जुन्यांतलं सामान धुऊन, आतली मांडणी पूर्ण बदलून, म्हणजे ते कुणाचंच जुनं घर राहिलं नाही. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताच्या जाळ्या दोन, झोपायची लाकडी खोकी दोन. सुरुवातीला फक्त आमच्या डोळ्यांसमोर, मग रात्रभर. दिवाळीत खारघरला फटाके कसे वाजतात ते तुम्हाला माहीत आहे. निर्वाणलाडू चढवून आलो तर बाहेर अजून धडधड चालूच. मी घाबरून खोलीत गेले. एक खोकं रिकामं होतं. दुसऱ्यात दोघं, एकाची शेपूट दुसऱ्याच्या तोंडावर.

जुना पिंजरा मी मोडीत काढलेला नाही. स्टोअररूममध्ये धुऊन, पुसून, तयार ठेवलाय. उद्या बिनसलं तर जागा हवी.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. हो ताई, घरात पिंजरा आहे, आणि बंधाचा दोष आहे तो आहे. तो मी शब्दांनी पुसणार नाही. पण यांना खारघरच्या टेकडीवर सोडलं तर एक दुपारसुद्धा निघणार नाही, आणि अँडीज त्यांनी कधी पाहिलेला नाही. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरापोळ काढली तेव्हा तिथेही कुंपण होतंच. कुणी मारू नये म्हणून घातलेलं कुंपण आणि आपल्या हौसेचं कुंपण यांत फरक आहे. माझ्या घरातलं कोणतं आहे हे मी वहीत रोज तपासते. काही दिवस उत्तर आवडत नाही.

तुम्हाला मात्र हात जोडून सांगते, हौसेनं विकत आणू नका. कुणाचा उघड्यावर पडणारा असेल, एसीचा खर्च आणि रात्रीची जागरणं झेपणार असतील, तरच घ्या. हा प्राणी पंधरा-वीस वर्षंही जगतो. मी आता पासष्टची. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर सूनबाईसाठी सगळं लिहून ठेवलंय: गवत कुठून येतं, धूळ किती, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरात, नवीन जीव आला तर महिनाभर वेगळा, तिथी बघू नये.

परवा तिनं ते पान वाचलं. काही बोलली नाही. पेन घेतलं आणि खाली एक ओळ घातली, 'पोळपाट हाताशी ठेवावा.'

जय जिनेंद्र.